भिंतींचे रंगलेपन : कुंचल्याच्या व रोलरच्या खुणा

भिंतींचे रंगलेपन : घराच्या आतील भिंतींवर रंग वाळल्यानंतर कुंचल्याच्या रेषा, रोलरच्या कडांचे उंचवटे व जोडावरील पट्टे दिसतात. रंग समतल होण्यापूर्वीच घट्ट झाल्यामुळे हे दोष उद्भवतात.

कुंचल्याचे केस ओल्या लेपात सूक्ष्म सऱ्या पाडतात. पृष्ठताणामुळे त्या भरून येतात. या क्रियेस समतलन म्हणतात. एस. ई. ऑर्चर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार लेपाची जाडी दुप्पट केल्यास समतलन आठपट जलद होते, तर सऱ्यांमधील अंतर दुप्पट झाल्यास ते सोळापट मंदावते. म्हणून बारीक केसांचा मऊ कुंचला व भरपूर रंग हितकर असतो. मात्र फार जाड लेप उभ्या भिंतीवर ओघळतो.

नागपूर व लगतच्या हिंगणा परिसरात उन्हाळ्यात ही अडचण तीव्र होते. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७·९° से. तापमान नोंदले गेले. अशा उष्ण व कोरड्या हवेत इमल्शन रंगातील पाणी त्वरेने उडून जाते. कोरा गिलावाही ते शोषून घेतो. परिणामी समतलनास अवधी उरत नाही.

हा अवधी वाढविणे हेच खुणा टाळण्याचे मर्म होय. भिंतीला लांबी भरून ती घासावी व अस्तर द्यावे, म्हणजे शोषण कमी व एकसारखे होते. काम सकाळी करावे. त्या वेळी पंखा व कूलर बंद ठेवावेत आणि लेप बसल्यावर खिडक्या उघडाव्यात. उत्पादकाने सांगितले असेल तितकेच पाणी मिसळावे. जादा पाण्याने लेप पातळ होऊन त्याची आच्छादनक्षमता घटते.

एक भिंत एका दमात पुरी करावी. एकाने कुंचल्याने कडा रंगवाव्यात व दुसऱ्याने त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा. गुळगुळीत भिंतीस आखूड लवेचा रोलर योग्य ठरतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या ओल्या कडेवर थोडा चढवावा व शेवटी न दाबता वरून खाली एकाच दिशेने हलका हात द्यावा. घट्ट होऊ लागलेल्या रंगास पुन्हा स्पर्श करू नये. राहिलेला दोष पूर्ण वाळल्यावर घासून दुसऱ्या हाताने झाकावा. चकचकीत रंगापेक्षा निस्तेज रंगात असे दोष कमी दिसतात.