बांधीतला सारस

महाराष्ट्रात उरलेले जवळपास सगळे सारस गोंदिया जिल्ह्यात, त्यातही वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या धानपट्ट्यात आहेत. गेल्या काही वर्षांच्या गणनांत त्यांची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा लाल डोक्याचा क्रौंच उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प बराचसा याच जिल्ह्यात असला, तरी सारसाचा संसार चालतो तो शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आणि गावच्या तलावात. शेजारच्या गडचिरोलीत गिधाडांसाठी वनविभागाने उपाहारगृहे उभारली. मेलेले जनावर ठरावीक जागी टाकायचे आणि गिधाडांनी तिथे येऊन ते खायचे, अशी ती सोय. सारसाला असे एका जागी ताट वाढून भागत नाही. त्याला अख्खा शिवार लागतो, आणि इथला शिवार तलावावर उभा आहे.

पूर्व विदर्भातले हे तलाव बहुतांशी कोहळी समाजाने बांधले. गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन बहाल होई. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, मागच्या जंगलातून वाहून येणारे पाणी अडवायचे आणि पाटाने खालच्या बांध्यांना द्यायचे, ही त्यांची रीत. नवेगावबांधचा तलाव हा तिचा सर्वांत मोठा नमुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. भोवतीच्या डोंगरांच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटील कोलासूर देव होऊन त्यातल्याच एका शिखरावर पुजला जातो. पाणी अडवणाऱ्याला देवपण मिळावे, यावरूनच या मुलखात पाण्याची किंमत काय होती ते कळते.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव म्हणून ‘मामा तलाव’ हे नाव त्यांना तेव्हापासूनचे. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. दरवर्षी पाळीवर माती टाकणे, पाट साफ करणे ही कामे पूर्वी गावाच्या अंगवळणी पडलेली होती. मालकी बदलली तशी ती कुणाचीच राहिली नाहीत. तलाव गाळाने भरत गेले, काठांवर अतिक्रमणे झाली. मासेमारीचा ठेका ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांना मिळाला खरा, पण रोहू, कटला, मृगळ अशा बाहेरून आणलेल्या बीजावर भर पडला आणि स्थानिक मासे मागे पडले. काठावर बेशरम या झुडपाचे रान माजले. तिच्या जाळीखाली दुसरी पाणवनस्पती टिकत नाही. उथळ पाण्यातले कंद, गोगलगायी, बेडूक आणि देवधानाचे दाणे हे सारसाचे अन्न, तेव्हा मासा आणि पक्षी दोघांचीही उपासमार एकाच कारणाने झाली.

या दुखण्यावरचा चांगला इलाज अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाला. मनीष राजणकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्या संस्थांबरोबर तलावांची दुरुस्ती हाती घेतली. दुरुस्ती म्हणजे केवळ जेसीबी लावून गाळ उपसणे नव्हे. सरसकट खोदाईने तलाव खोल होतो, पण त्याचा उथळ काठ जातो, आणि जीव असतो तो काठातच. इथे उन्हाळ्यात पाणी मागे सरले की बेशरम मुळासकट उपटायची, उघडी पडलेली जमीन नांगरायची आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती चिखलात रोवायच्या, असे काम चालते. धानाची रोवणी हातात बसलेल्या ढिवर बायकांना ते शिकवावे लागले नाही. कोणती वनस्पती कोणत्या माशाला खायला, कोणती अंडी घालायला, हे ज्ञानही ढिवरांकडेच होते. मासळी वाढली की घरात पैसा येतो, म्हणून हे काम टिकते. पाणपक्ष्यांचा लाभ त्याच्या पाठोपाठ येतो.

धानाच्या बांधीतला हिशेब मात्र वेगळा आहे. रोवणीच्या सुमारास, पावसाळ्यात, सारसाची जोडी भर पाण्यात धानाची रोपे आणि गवत उपटून घरटे रचते. ढीग दोन मीटरपर्यंत पसरतो. त्यावर बहुधा दोन अंडी असतात आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेवढ्या जागेतले पीक गेले. लहान बांधीवाल्याला ते खुपते, आणि त्याला दोष देता येत नाही. सावन बहेकार यांच्या ‘सेवा’ संस्थेने नेमका हाच धागा पकडला. कार्यकर्ते घरटी शोधतात, शेतकऱ्याला विश्वासात घेतात आणि पिल्ले उडेपर्यंत राखण त्याच्याच हाती सोपवतात. उन्हाळा सरता सरता होणाऱ्या सारसगणनेतही वनविभागाबरोबर गावकरी उतरतात. ज्याच्या शेतात घरटे, तोच पहारेकरी, ही व्यवस्था कुठल्याही कुंपणापेक्षा स्वस्त आणि भरवशाची आहे.

गावाच्या हाती नसलेले धोकेही आहेत. शेतावरून गेलेल्या वीजतारा हा त्यातला मोठा. जड अंगाचा, रुंद पंखांचा सारस तारा ऐनवेळी चुकवू शकत नाही, आणि तारांना लागून सारस मेल्याच्या घटना जिल्ह्यात घडल्या आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. वीजवाहिन्या, कीटकनाशके आणि पाणथळींवरची अतिक्रमणे हे विषय या समित्यांपुढे आले. बाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. सारस दोन्ही काठांवर चरतो आणि घरटे कुठेही करतो, म्हणून ‘सेवा’ची गणनाही नदी ओलांडून बालाघाटपर्यंत जाते.