गुडघ्याला हात लावू द्या

सजद्यातून उठताना गुडघ्यात कळ आली की आपल्या घरांत लगेच एमआरआयची चर्चा सुरू होते. अक्कलकुवा-धडगावकडच्या माणसाचे त्यात गाडीभाडे जाते, दिवसाची मजुरीही बुडते. खरे तर पहिली तपासणी डॉक्टरांच्या हातांची.

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा पिळला गेला की गादी फाटते. उतारवयात तर नुसत्या उठबशीनेही. डॉक्टर आधी विचारतात, गुडघा अडकतो का, सूज कधी आली? मग उताणे झोपवून सांध्याच्या फटीवर बोटाने दाबतात. नंतर गुडघा पूर्ण दुमडून, पाऊल वळवून धरत पाय हळूहळू सरळ करतात. कळ उठली किंवा बोटाखाली ‘कट्’ झाले तर संशय बळावतो. लिव्हरपूलच्या डॉ. मॅकमरे यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मात्र एवढ्यावरच निदान होत नाही. तसे एमआरआयचेही आहे: पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही फाट दिसू शकते!

आम्हांला काळजी वाटते ती आपल्या भगिनींची. सलवारीवरूनच दुखणे दाखवतात आणि गोळ्या घेऊन परततात. इलाजासाठी गरजेपुरता अवयव उघडायला शरीयतची मुभा आहे. लेडी डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर घरचे कुणी सोबत असावे. बसून नमाजची सवलतही माजूरांसाठीच आहे. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे.