‘पाप्याचं पितर’: यातला पापी कोण?

अंगावर मूठभर मांस नसलेल्या माणसाला आमच्या शाहूवाडीकडं ‘पाप्याचं पितर’ म्हणतात. वाक्प्रचार साऱ्या महाराष्ट्राचा. पण इकडं तो अजून रोजच्या तोंडी आहे. सुट्टीला मुंबईहून आलेल्या नातवाला पाहून आजी म्हणते, ‘कसलं पाप्याचं पितर झालंय बघा पोरगं!’ ऐकणारे हसतात. पोरगं मान खाली घालतं, जणू पाप त्याचंच.

शब्द उलगडून पाहिला, तर दोष त्याच्याकडं जात नाही.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण म्हाळ घालतो. पितरांना पिंड, कावळ्याला घास. मेलेल्यांची भूक जिवंत वंशजांनी भागवायची, ही त्यामागची श्रद्धा. वंशज पापी निघाला, तर पितराला घास मिळत नाही. ते उपाशी वाळतं. म्हणजे ‘पाप्याचं’ या षष्ठीतला पापी हा वारस आहे. वाळलेला तो पितर. पापी तो, ज्यानं खाऊ घालायचं होतं.

व्याकरणही हेच सुचवतं. एरवी ‘पितर’ पुल्लिंगी आणि बहुधा अनेकवचनी: ‘पितर जेवले’. या वाक्प्रचारात मात्र ‘ते पितर’, नपुंसकलिंगी एकवचन. लेकरू, वासरू, कोकरू यांच्या पंगतीतलं. या लिंगात थट्टा असते, तशी कणवही असते.

मराठीत बारीक माणसासाठी शब्दांना तोटा नाही. ‘सडपातळ’, ‘शिडशिडीत’ यांत कौतुक आहे. ‘किडकिडीत’, ‘काटकुळा’, ‘लुकडा’ बांधा सांगतात. ‘हडकुळा’ हाडं दाखवतो. ‘काडीपैलवान’ ही तालमींच्या कोल्हापुरात विशेष झोंबणारी थट्टा. पण हे सारे शब्द देहापाशी थांबतात. ‘पाप्याचं पितर’ एवढंच देहापलीकडं जाऊन नात्याविषयी बोलतं: याला जेवू घालणं कुणाचं काम होतं?

हा प्रश्न घरापुरता नाही. १८९६–९७च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली, तेव्हा रयतेच्या उपासमारीचं उत्तर राज्यानं द्यायचं, हे त्यांनी मानलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या लुकड्या पोराला कुणी ‘पाप्याचं पितर’ म्हटलं, तर पोराकडं पाहून हसण्याआधी आजूबाजूच्या मोठ्यांनी स्वतःकडं पाहावं. शब्दाचं बोट त्यांच्याकडं आहे.