कोहिनूरने काय गमावले?

१८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये कोहिनूर पाहायला झुंबड उडाली आणि बरेचसे लोक हिरमुसून परतले. भोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी हिरा काही पेटेना. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीच्या कारागिरांनी वाफेवर चालणाऱ्या चाकावर त्याला ३८ दिवसांत नवे पैलू पाडले. आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा झाला. तो सुधारला की बिघडला? याचे उत्तर शोधताना मला आधी प्रकाशाचे गणित पाहावे लागले.

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे, काचेचा साधारण १.५. त्यामुळे हिऱ्यात शिरलेला किरण सहज बाहेर पडत नाही. पैलूवरच्या लंबाशी त्याचा कोन सुमारे २४.४ अंशांहून अधिक असेल, तर तो आरशावर आपटल्यासारखा आतच परततो. कमी असेल, तर निसटतो. म्हणून खालचा निमुळता भाग फार उथळ असला, तर किरण पहिल्याच पैलूतून निघून जातो. फार खोल असला, तर समोरच्या दुसऱ्या पैलूतून गळतो. दोन्ही पैलूंवरून उसळी घेऊन तो वरून बाहेर पडला, तरच हिरा चमकतो. आणि त्याच वाटेवर रंग विलग होऊन इंद्रधनुषी ठिणग्या दिसतात. मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने १९१९ साली गोल हिऱ्यासाठी हे कोन मांडले: खाली ४०.७५ अंश, वर ३४.५ अंश आणि माथ्यावरचा सपाट पैलू रुंदीच्या ५३ टक्के.

मग आपल्या कारागिरांना हे कळत नव्हते काय? सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए लिहितो, की दगड निर्मळ असेल, तर भारतीय कारागीर नैसर्गिक बाजूंना फक्त चाक लावत आणि वजन घटेल म्हणून आकाराला हात घालत नसत. दोष असेल, तर मात्र तो झाकण्यासाठी पैलूच पैलू पाडत. मला यात अज्ञान दिसत नाही. त्यांचे माप वेगळे होते. त्यांच्या लेखी मोठा, अखंड दगड हेच ऐश्वर्य होते. लंडनला झगमगाट हवा होता. शिवाय १८५२ मध्ये टोल्कोव्स्कीचे गणित जन्मायचे होते. कोहिनूरला जो लंबगोल घाट मिळाला, तो काहीसा उथळच राहिला. म्हणजे पंचाऐंशी कॅरट देऊनही प्रकाशाचा पूर्ण मोबदला मिळाला नाही, आणि मुघल-शीख दरबारांनी पाहिलेले त्याचे रूप मात्र कायमचे गेले.

वजन की तेज, हा सौदा आजही चालू आहे. एक कॅरटचा आकडा गाठण्यासाठी कच्च्या दगडाचा खालचा भाग मुद्दाम खोल ठेवला जातो. असा हिरा तराजूत भरतो. पण बोटावर लहान दिसतो आणि मध्यभागी काळवंडतो. रंग, निर्मळपणा आणि मूळ वजन ही निसर्गाची देणगी; कट तेवढा माणसाच्या हातचा. म्हणून या दिवाळीत हिरा घ्यायला जाल, तर कॅरट विचारण्याआधी प्रमाणपत्रावरची कटची श्रेणी पाहा. आणि तो पेढीच्या झगझगीत दिव्यांखालून उचलून दारातल्या साध्या उजेडात नेऊन पाहायला संकोचू नका.