तीन सिलिंडर, सहा पिस्टन आणि हेडचा पत्ता नाही

डिझेल इंजिन खोलायचं म्हटलं की मिस्त्रीचा हात आधी हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बोल्टांकडे जातो. गॅस्केट जळलं, व्हॉल्व्ह गळायला लागले, हेडला चीर गेली. निम्मी दुखणी तिथलीच. पण १९५४ साली इंग्लंडमध्ये ट्रकचं एक इंजिन असं आलं की दिवसभर शोधूनही त्याचं हेड सापडलं नसतं. हेड नाही म्हणून गॅस्केट नाही. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्टही नाही. सिलिंडर मोजले तर तीन भरायचे आणि पिस्टन मोजले तर सहा!

हे कॉमर टीएस३. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, ती बेडफर्ड होती. कॉमर हा त्याच बेडफर्डचा विलायतेतला प्रतिस्पर्धी, रूट्स या मोठ्या मोटार समूहातला. बेडफर्ड आपल्याकडे घरोघर माहीत झाली, कॉमरच्या या इंजिनाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

गोष्ट सुरू होते ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेपासून. १९४८ साली कॉमरनं नवी केबिन काढली. तिच्यात पेट्रोल इंजिन आडवं कलवून सीटखाली सरकवलं होतं. त्यामुळे एरवी दोन सीटांच्या मधोमध उठणारा इंजिनाचा तापलेला उंचवटा गेला आणि तिघं जण पाय पसरून बसू शकले. केबिन झकास होती, पण मालकांना आता डिझेल हवं होतं, आणि डिझेल इंजिनं तेव्हा चांगलीच उंच आणि बोजड असत. वजनाची अडचण तर वेगळीच. रिकामी गाडी ३ टनांहून जड भरली तर १९५७ पर्यंत ब्रिटनच्या कायद्यानं तिला ताशी २० मैलांची मर्यादा होती. म्हणजे इंजिनात जास्तीचं ओतीव लोखंड घालणं मालकाला महागात पडायचं. डिझेल हवं, तेही बुटकं, हलकं आणि सीटखाली मावणारं.

कॉव्हेंट्रीत एरिक कॉय यांच्या चमूनं यावर उत्तर काढलं ते हेड लहान करून नव्हे, हेडच काढून टाकून. सिलिंडर आडवा ठेवायचा, दोन्ही टोकं उघडी ठेवायची आणि दोन्हीकडून एकेक पिस्टन आत सोडायचा. दोन हातांनी टाळी वाजवावी तसे ते मध्यावर एकमेकांजवळ येतात, आणि त्यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की भडका उडतो. एरवी अशा भडक्याच्या एका बाजूला पिस्टन असतो आणि दुसऱ्या बाजूला जागचं न हलणारं हेड. इथे दोन्ही बाजूंना पिस्टनच, म्हणून काम दोन्हीकडे होतं. शिवाय पाण्यानं थंड ठेवावं लागणारं हेड नसल्यामुळे त्या वाटेनं उष्णताही निसटत नाही.

मग धूर बाहेर कुठून जातो आणि हवा आत कुठून येते? सिलिंडरच्या भिंतीत दोन्ही टोकांजवळ खिडक्या कोरलेल्या आहेत. पिस्टन लांब गेले की एका टोकाच्या खिडक्यांतून जळका धूर सुटतो आणि दुसऱ्या टोकाच्या खिडक्यांतून ताजी हवा घुसते. ही हवा आपोआप येत नाही, कारण हे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि टू-स्ट्रोकमध्ये हवा ओढून घेणारा वेगळा फेरा नसतो. तिला एक ब्लोअर आत रेटतो. हवा एका दिशेनंच सिलिंडरभर सरकते आणि जुना धूर पुढे घालून बाहेर काढते. झडप एकही नाही, राखणदारी सगळी पिस्टनच करतात.

समोरासमोरच्या पिस्टनांची कल्पना जुनीच. जर्मनीच्या युंकर्सनं विमानांच्या डिझेल इंजिनांत ती वापरली होती. पण तिथे पिस्टनांची ये-जा फिरण्यात बदलणारे दोन क्रँकशाफ्ट, वर एक आणि खाली एक, आणि दोघांना जोडायला दातेरी चाकांची रांग. ट्रकच्या केबिनखाली एवढी उंची कुठली? कॉमरनं एकच क्रँकशाफ्ट ठेवला, सिलिंडरांच्या बरोबर खाली. प्रत्येक पिस्टनपुढे मध्यावर टेकलेली एक मजबूत उभी दांडी, म्हणजे रॉकर. पिस्टन वरचं टोक बाहेर ढकलतो, खालचं टोक आत येतं आणि लांब कनेक्टिंग रॉडच्या मदतीनं क्रँक फिरवतं. सहा रॉकर, बारा कनेक्टिंग रॉड. कागदावर पाहिलं तर वाटतं, हे चालणार कसं? पण चाललं, आणि १९५४ पासून १९७२ पर्यंत बनत राहिलं. क्षमता अवघी ३.२६ लिटर, ताकद १०५ अश्वशक्ती. तेव्हाच्या लांब पल्ल्याच्या ब्रिटिश ट्रकांत नावाजलेलं गार्डनरचं ६एलडब्ल्यू इंजिन १०२ अश्वशक्ती द्यायला ८.४ लिटर घ्यायचं.

आवाजाचाही हिशेब मजेशीर आहे. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात एकदा पेटतो. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर तीन सिलिंडर म्हणजे ७२०० धमाके, सेकंदाला १२०. फोर-स्ट्रोकला एवढ्यासाठी सहा सिलिंडर लागतात. त्यात धूर खिडक्यांतून एकदम सुटायचा, त्यामुळे चढावर या गाड्या भुंकल्यासारख्या कडकडत. ड्रायव्हरांनी त्यांना ‘नॉकर’ म्हटलं, आणि जुन्या ट्रकांचे शौकीन आजही तो आवाज ऐकायला मेळाव्यांना जातात. दुखणंही त्या खिडक्यांचंच होतं. काजळी साचली की इंजिनाचा दम कमी व्हायचा आणि मिस्त्रीला खरवडत बसावं लागायचं.

चार सिलिंडरांचं पुढचं रूप, टीएस४, तयार होऊन रस्त्यावर तपासलंही गेलं होतं. पण १९६७ साली अमेरिकेच्या क्रायस्लरनं रूट्सचा ताबा घेतला. तिचे हितसंबंध कमिन्सच्या डिझेल इंजिनांशी जुळलेले होते. टीएस४ रस्त्यावर नापास झालं नव्हतं, तरी ते गुंडाळण्यात आलं.

कल्पना मात्र मेली नाही. २००४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अकेटीस पॉवरनं कमी इंधनात आणि कमी प्रदूषणात मोठे ट्रक चालवण्यासाठी १०.६ लिटरचं एक इंजिन बनवलं आणि कॅलिफोर्नियात ट्रकला बसवून पाहिलं. टू-स्ट्रोक, समोरासमोरचे पिस्टन, तीन सिलिंडर, सहा पिस्टन! संगणकावर एकेका झोताचा हिशेब मांडून बनवलेल्या त्या इंजिनाला दोन क्रँकशाफ्ट लागतात. कॉय यांच्या चमूनं ड्रॉइंग बोर्डवर बसून तेच काम एका क्रँकशाफ्टमध्ये भागवलं होतं, तेही तिघांच्या सीटखाली.