एक चेंडू, मैदानं अनेक!

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा निवांत खेळ, असं वाटतं ना? मग वेल्समधल्या हौशी गोल्फपटूंचा हा उद्योग ऐकाच!

वेल्स हा ब्रिटनमधला चिमुकला देश, महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढा. पण तिथं गोल्फची १५० हून अधिक मैदानं आहेत. एखादा हौशी खेळाडू ठरवतो, "इतक्या दिवसांत इतकी मैदानं खेळणार." शेजारीपाजारी, दुकानदार कबूल करतात, "दर मैदानामागे आम्ही इतके पौंड देऊ." ते पैसे रुग्णालयाला किंवा सेवाभावी संस्थेला जातात. खेळाडूला छदामही नाही!

काम सोपं नाही बरं का! १८ होलची एक फेरी म्हणजे सुमारे ८ किलोमीटर चाल. वर पाऊस आणि बोचरा समुद्रवारा. टेनबीचा क्लब १८८८ सालचा. हार्लेखला खेळताना ७०० वर्षांहून जुना किल्ला दिसतो. लानमनेखची तर गंमतच! तिथं एका होलचा पहिला फटका वेल्समध्ये मारायचा आणि चेंडू खळग्यात घालायचा इंग्लंडमध्ये! १९९१ साली 'मास्टर्स' जिंकणारा इयान वूसनम लहानपणी इथंच खेळला.

"एवढी दगदग कशाला? सरळ पैसेच द्यावेत की!" असं तुम्ही म्हणाल. पण एकट्याच्या खिशात असून असून किती असणार? तो भिजत, दमत चालतो, तेव्हा शंभरजणांचे खिसे उघडतात. मधेच थांबला, तर उरलेल्या मैदानांचे पैसे बुडाले! म्हणून पाय दुखले तरी तो चालतच राहतो.

गोल्फचं मैदान नसेना का, शाळेचं तर आहे? धावण्याच्या दर फेरीमागे एक रुपया! बघा, जमतंय का!