मिरची, म्हैस आणि गाढवाची तहान

खानदेशात नवा पाहुणा उतरला की त्याला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते. एक तिथली मिरची आणि दुसरे तिथले ऊन. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पुण्या-मुंबईचा गृहस्थ डोळे पुसू लागला, की यजमान हसून म्हणतात, "आमच्या उन्हासारखीच आमची मिरची!" हे बोलणे विनोदाचे खरे, पण शरीरशास्त्र पाहू गेले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे.

तिखट ही मुळी चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू यांची दखल जिभेवरच्या रुचिकलिका घेतात; तिखटाशी त्यांचा संबंध नाही. मिरचीतले कॅप्सेसिन नावाचे द्रव्य थेट वेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना जाऊन भिडते. या टोकांवर प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतले एक दार एरवी उघडते ते उष्णतेने, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे. कॅप्सेसिन हेच दार उष्णता नसतानाही उघडते आणि मेंदूकडे निरोप जातो, "भाजले!" अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दार शोधून काढले, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात ज्युलियस यांना वाटा मिळाला. म्हणजे उन्हात तापलेल्या लोखंडी कडीला हात लागल्यावर जी घंटा वाजते, तीच घंटा ठेच्याचा घास घेतल्यावर वाजते.

आता पोपटाकडे पहा. पिकलेली लाल मिरची तो पायात धरून अशा निवांतपणे फोडतो, की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. पोपट सोशीक आहे म्हणून नव्हे. पक्ष्यांच्या मज्जातंतूंवरही ते दार असते, उष्णतेने ते उघडतेही, पण कॅप्सेसिनची किल्ली त्याला लागत नाही. कोंबडीच्या बाबतीत हे २००२ साली सिद्ध झाले. यामागे मिरचीचे स्वतःचे हित आहे. अमेरिकेतल्या रानमिरचीवर ट्यूक्सबरी आणि नभान या दोघांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पोटातून गेलेले बी रुजत नाही. पक्ष्याच्या पोटातून ते सुखरूप बाहेर पडते आणि दूरवर जाऊन रुजते. तेव्हा दात असलेल्यांना हुसकावायचे आणि चोच असलेल्यांना जेवू घालायचे, असा हा बंदोबस्त! तो पार मोडला एका सस्तन प्राण्याने. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मिरची आपल्याकडे आणली, आणि आज नंदुरबारला (१९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होते) मोकळ्या मैदानांवर मिरच्यांच्या लालभडक पथाऱ्या पसरलेल्या दिसतात.

जाता जाता गृहिणींसाठी एक गोष्ट. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून पाहुण्याच्या हाती पाण्याचा पेला देण्यापेक्षा दह्याची वाटी द्यावी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४३ च्याही पुढे जातो. मग तिथल्या माणसाच्या सर्वांगाला मिरची लागल्यासारखे का होत नाही? कारण हवा ४४ अंश असली तरी घाम येणारी कातडी तितकी तापत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सात-आठ लिटर पाणी चुलीवर उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत आणि उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. या विद्येत आपली बरोबरी करणारे प्राणी फार थोडे. चिंपांझीच्या आणि आपल्या अंगावरच्या केसांची संख्या जवळपास सारखीच आहे. आपले केस बारीक झाले आणि त्यांच्या जागी घाम आला. आफ्रिकेच्या उघड्या माळावर भर दुपारी वणवण करणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्याचा उपयोग झाला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तळहाताचा घाम मात्र त्याहून जुना. तो उन्हाने येतो त्यापेक्षा भीतीने अधिक येतो. फांदीवरची पकड निसटू नये म्हणून माकडाला तो उपयोगी. आपली मुले परीक्षेत त्याने उत्तरपत्रिका भिजवतात.

इतरांचे हाल पहा. कुत्र्याला अशा ग्रंथी फक्त पंजांत, म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो. कावळ्याला त्या नाहीतच. तो चोच उघडून धापा टाकतो. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. तिच्या अंगावर वाळणारा चिखल म्हणजे उसना घामच. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु घामाची ही दौलत फुकट मिळत नाही. मुंबईत ३४ अंशालाही घामाच्या धारा लागतात, कारण दमट हवेत तो वाळतच नाही. ओघळून गेलेला घाम वाया गेला. खानदेशच्या कोरड्या हवेत उलट प्रकार. घाम दिसायच्या आत उडून जातो, आणि वीटभट्टीवरच्या किंवा रस्त्याच्या कामावरच्या मजुराला वाटते, आज फारसा घाम आलाच नाही. आणि इथेच आपले एक इंद्रिय दगा देते. ते म्हणजे तहान.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ यांनी अमेरिकेच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. पाणी हाताशी असूनही माणसे गेले तितके पाणी पीत नाहीत, असे त्यांना आढळले. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी प्यायले की रक्त पातळ होते आणि तूट भरण्याआधीच तहान शमते. गाढवाचे तसे नाही. ते जेवढे हरवले तेवढे पाणी काही मिनिटांत पिऊन मोकळे होते. सहारात उंटांचा अभ्यास करणाऱ्या श्मिट-नील्सन यांच्या एका उंटाने दहा मिनिटांत सुमारे शंभर लिटर पाणी प्यायले. माणूस मात्र अर्धवट तहानेने समाधान पावतो. शरीर ४० अंशांवर तापून उष्माघात झाला, की त्याला भ्रम होतो आणि आपल्याला काय होते आहे हेही त्याला कळेनासे होते. उन्हात कामाला माणसे लावणाऱ्यांनी म्हणूनच "तहान लागली की पितील" असे म्हणून चालत नाही. ठरलेल्या वेळी सावलीत बोलावून पाणी द्यावे लागते.

अडॉल्फ यांना आणखी एक गोष्ट दिसली. दिवसभराची तूट माणसे बहुतेक जेवताना भरून काढत. अन्नातले मीठ पोटात गेले, की तहान पुन्हा जागी होते. दुपारी बांधावरच्या निंबाखाली शिदोरी सुटते तेव्हा भाकरीबरोबर मीठ असते, कांदा असतो आणि ठेचा असतो. त्या ठेच्याने जीभ पेटली की माणूस तांब्या तोंडाला लावतो. पाण्याने ती आग विझत नाही, पण अर्धा तांब्या पाणी पोटात जाते.